बियाण्याची फांदी

शास्त्रपाठ : हाग्गय २:१०-१९

हाग्गय संदेष्ट्याचे पुस्तक अवघ्या दोन अध्यायांचे असून आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत ते क्वचितच उघडले जाते. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या यहूदी लोकांनी देवाच्या मंदिराचे काम पायाशीच सोडून दिले होते आणि आपापली घरे मात्र फळ्या मारून सजविली होती. अशा लोकांकडे इ. स. पूर्वी ५२० या वर्षी, नवव्या महिन्याच्या चोविसाव्या दिवशी, देवाने हाग्गयास बोलावयास लाविले. तो महिना आपल्या मार्गशीर्षाच्या आगेमागे येतो. यहूदा देशात पाऊस आपल्यासारखा मृगाला लागत नाही. तो हिवाळ्यात पडतो, म्हणून तो काळ तिकडे पेरणीचा. त्या दिवशी देवाने लोकांस त्यांच्या बियाण्याच्या कोठारासंबंधी विचारिले. जे होते ते मातीत गेले होते. त्याच वचनात पुढे द्राक्षवेल, अंजीर, डाळिंब व जैतून यांची नावे येतात. त्यांपैकी एकालाही अद्याप फळ धरले नव्हते. कोठार रिकामे, मांडवही रिकामा. आणि नेमक्या त्याच दिवसापासून आशीर्वाद देण्याचे देवाने कबूल केले.

प्रिय बंधुभगिनींनो, त्या लोकांचे दोष संदेष्ट्याने पुष्कळ सांगितले आहेत, पण त्यांची एक गोष्ट आपण लक्षात घ्यावी. तांबेरा पडला, गारा पडल्या, पिके बुडाली, तरी बियाण्याचे धान्य त्यांनी खाऊन टाकिले नव्हते. म्हणूनच पेरावयाचा दिवस आला तेव्हा त्यांच्याजवळ पेरावयास काही होते. ह्या बी राखण्याविषयीच आज आम्हांस लिहावयाचे आहे. त्याकरिता दूरच्या शेतात जाण्याचे कारण नाही. आपल्या दारात, परसात आणि मंदिराच्या कुंपणावर ज्या वेली चढविलेल्या असतात त्यांच्याजवळ थोडा वेळ उभे राहिले तरी पुरे, कारण हेच दिवस त्यांचे बी धरण्याचे आहेत.

गोकर्णीची वेल सर्वांच्या परिचयाची आहे. ती निळी असते, तशी पांढरीही असते. पावसाळ्यात ती फुलांनी भरून जाते, आणि फूल रोज खुडीत राहिले तर रोज नवी कळी येते. परंतु एखाद्या फांदीवरील फुले न खुडता राहू दिली म्हणजे त्या फांदीचे रूप पालटते. पाकळ्या सुकतात, बोटाएवढ्या चपट्या हिरव्या शेंगा धरतात, नवी फुले कमी होतात, आणि पुढे शेंगांबरोबर फांदीही पिवळी पडून वाळू लागते. पाहुणा आला तर निळ्या फांदीची वाखाणणी करितो आणि वाळक्या फांदीकडे बोट दाखवून विचारितो की, ही अजून काढून का टाकिली नाही? घरची बाई मात्र तिला हात लावू देत नाही. गोकर्णीला पाणी मिळाले तर ती दोन-तीन वर्षे जगते हे खरे. पण ज्या गावी चैत्र-वैशाखात माणसांनाच पाणी टँकरने येते तेथे वेलीला कोण पाणी घालणार? तेथे पुढच्या वर्षीची वेल त्या वाळक्या फांदीवरच असते.

गणेशवेलीचे तर आयुष्यच एका हंगामाचे. (नावावरून कोणी बिचकू नये. ही वेल मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातली. आपल्या देशात आल्यावर लोकांनी तिला आपल्या आवडीचे नाव दिले.) तिची तांबडी फुले सकाळी उमलतात आणि दुपारनंतर मिटतात. मागे लहानसे बोंड राहते. त्यात बहुधा चार काळ्या बिया असतात. बोंड फुटून बी आपोआप सांडते आणि काही रोपे उगवतातही, पण ती कोठे उगवतील याचा नेम नाही. मांडवावरच वेल हवी असेल तर कोणी तरी बोंडे वेचून ठेविली पाहिजेत.

आता हे आपल्या मंडळीकडे वळवून पाहू. आमच्या मंडळ्या फुलांच्या फार हौशी आहेत. नाताळ आला की मांडव, दिवे, ध्वनिक्षेपक, मुलांचे नाटक. हंगामाची उपकारस्तुती आली की गाणी आणि लिलाव. पाहुणे आले की हार. यात पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. देवानेच फुलांस रंग दिला आहे. परंतु एखादे मूल गोड गळ्याचे निघाले की त्याला आपण प्रत्येक सभेत उभे करितो, आणि प्रत्येक पाहुण्यापुढे त्याच्याकडून पाठ केलेले स्तोत्र म्हणवून घेतो. ते मूल पंधरा वर्षांचे झाले, आवाज फुटला, गाणे थांबले, की मग त्याच्याकडे कोणी पाहत नाही. शास्त्र वाचून त्याचा अर्थ कसा लावावा, आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना कशी करावी, हे त्याला शिकविण्याचा तोच तर समय! फूल आपण खुडून घेतले, शेंग धरू दिली नाही. मग दहा वर्षांनी आपण तक्रार करितो की तरुण मंडळी मंदिरात येत नाहीत.

एका गावची गोष्ट आम्हांस ठाऊक आहे. दगडी मंदिर, जुनी घंटा, चाळीसच्या वर घरे. तेथील वृद्ध उपदेशक वारल्यावर लागोपाठ तीन रविवार मंदिराचे दार उघडले नाही. गावात माणसे नव्हती असे नाही. त्या घरांतील पदवीधर पुण्या-मुंबईस नोकरीला आहेत आणि नाताळात मोटारी घेऊन येतात. परंतु उभे राहून एक अध्याय वाचावा आणि प्रभूची प्रार्थना चालवावी इतके धैर्य असलेला एकही मनुष्य मंडळीने तयार केला नव्हता. शेवटी एका विधवा बाईने किल्ली मागून घेतली आणि दार उघडले. ती अक्षरे लावून लावून वाचीत असे. तिच्या वाचण्याला कोणी हसले नाही, हे त्या मंडळीच्या बाजूने आम्ही नमूद करितो.

बी कोणत्या फळाचे धरावे, हे आपल्या बायांस शिकवावे लागत नाही. दोडक्याच्या मांडवावर एखादे लांब, सरळ, न किडलेले फळ त्या आरंभीच हेरून ठेवितात आणि त्याच्या देठास चिंधी बांधितात. त्या चिंधीचा अर्थ घरातील लेकरांनाही कळतो : हे फळ बियाला ठेविले आहे, याला हात लावावयाचा नाही. बाजारात दोडका महाग झाला तरी ते फळ तोडीत नाहीत. उलट जो आळशी असतो तो सारी चांगली फळे विकून खातो आणि हंगाम सरल्यावर वेलीच्या शेंड्याला जे वाकडे, खुरटे फळ उरले असेल त्याचे बी काढितो. पुढच्या साली त्याची वेल खुरटी होते आणि तो बियाण्याला दोष देतो.

मंडळीत आम्ही कोणास चिंधी बांधितो? बंधूंनो, राग मानू नका, पण हे बोलणे आम्ही अनेक घरांत आपल्या कानांनी ऐकिले आहे : थोरला इंजिनियर होईल, मधला फौजेत जाईल, आणि धाकटा दहावीला दोनदा बसला आहे, त्याला बायबल शाळेत घालू. जणू देवाचे घर म्हणजे उरलेल्या फळांची टोपली! मलाखीच्या पहिल्या अध्यायात देवाने आंधळ्या व लंगड्या पशूंच्या अर्पणाविषयी याजकांस काय सुनाविले ते घरी गेल्यावर अवश्य वाचावे. आठवे वचन विशेष करून. हन्नेने मागून मिळालेला पहिला मुलगा देवास दिला. त्या वेळी तिच्या पदरी दुसरे मूल नव्हते. धाकट्यास देवाने बोलाविले तर आम्हांस आनंदच आहे; दाविदही धाकटाच होता. पण दाविदाला नापास म्हणून निवडिले नव्हते.

फळ निवडले म्हणजे काम झाले असेही नाही. गोकर्णीची शेंग हिरवी असताना तोडली तर आतील बी सुरकुतते आणि उगवत नाही. फार दिवस ठेविली तर उन्हाच्या तडाख्याने शेंग पिळवटून तडकते आणि बी दूर उडते. पिकली म्हणजे ती तपकिरी होते आणि हालविली असता आत खुळखुळ वाजते. तेव्हा दव सुकल्यावर, दुपारच्या कोरड्या हवेत ती काढावी. यासाठी रोज जाऊन पाहावे लागते. पौलाने तीमथ्यास लिहिले की नव्याने विश्वासात आलेल्या मनुष्यास अध्यक्ष करू नये, कारण तो गर्वाने फुगेल (१ तीमथ्य ३:६). कित्येक ठिकाणी बाप्तिस्मा होऊन सहा महिने झाले नाहीत तोच त्या मनुष्यास वडील मंडळात बसवितात, कारण तो बोलका आहे. याच्या उलट, कित्येक वडील असे आहेत की पन्नास वर्षांच्या माणसासही अजून पोरच समजतात आणि त्याला वेदीजवळ येऊ देत नाहीत. पहिल्या मंडळीत हिरवे बी सुरकुतते, दुसरीत पिकलेले बी शेजारच्या मंडळीच्या अंगणात उडून जाते. उपदेशक बंधूंनी दर आठवड्यास दोन घरे तरी केवळ ह्याच हेतूने पाहावी.

दोडक्याविषयी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आम्हांस फार गंभीर वाटते. दोडक्याच्या वेलीवर नरफूल वेगळे आणि मादीफूल वेगळे येते. पराग एकावरून दुसऱ्यावर नेण्याचे काम माश्या व पाखरे करितात. कुंपणाच्या पलीकडे रानटी कडू दोडका उगवलेला असेल तर त्याचाही पराग आपल्या वेलीवर येतो. त्या साली काहीच कळत नाही. फळ नेहमीसारखे, भाजी गोड. परंतु त्या फळाच्या पोटातील बी बिघडलेले असते. ते पेरिले म्हणजे पुढच्या साली त्याच्या वेलीवर कडू फळ येते आणि शिजविलेली भाजी फेकून द्यावी लागते. आई-बाप म्हणतात, आमच्या वेळी तर हे कडू नव्हते! खरे आहे, त्यांच्या वेळी नव्हते. घरात नवरा मंदिरात प्रार्थना करितो आणि रात्री दारू पिऊन येतो. बायको जिभेने शेजारणीचे घर मोडिते. भावाभावांत बांधाचा तंटा दहा वर्षे कोर्टात चालला आहे आणि दोघेही एकाच प्रभुभोजनास येतात. बाहेरून कोणास काही दिसत नाही, कारण वेल जुनी आहे आणि फळ अजून गोड लागते. पण लेकरू ते सर्व पाहत असते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात (१२:१५) कडूपणाच्या मुळाविषयी जी सावधगिरी सांगितली आहे ती वाचताना आम्हांस हा दोडकाच आठवतो.

जाणते बागाईतदार यावर उपाय करितात. दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते. म्हणून उमलण्यापूर्वी, तिसऱ्या प्रहरी, नर आणि मादी दोन्ही कळ्यांना पातळ कापड बांधितात. फूल उमलल्यावर नरफूल खुडून त्याचा पराग आपल्या हाताने मादीफुलास लावितात आणि कापड पुन्हा बांधून टाकितात. सगळ्या मांडवाला कापड बांधीत नाहीत. बियाच्या दोन-चार फुलांनाच बांधितात. ज्या घरी लेकरे वाढत आहेत त्या घरी संध्याकाळची एक घटका अशी बांधून ठेवावी. त्या घटकेत मोबाईल नको, तंट्याची भाषा नको. बापाने वाचावे, आईने प्रार्थना करावी, किंवा उलट. घटका लहान असली तरी चालेल. बांधलेली मात्र असावी.

येथे कोणी म्हणेल की, बी बाजारात मिळते, घरी धरण्याचा खटाटोप कशाला? दुकानातील पुष्कळ बी संकरित असते. त्याचे पहिले पीक डोळ्यांत भरते, पण त्याच फळाचे बी पुन्हा पेरिले तर पहिल्यासारखी वेल येत नाही. प्रत्येक साली पुन्हा दुकानाची पायरी चढावी लागते. आपल्या मंडळ्यांनाही ही सवय लागली आहे. पूर्वी मिशनच्या वेतनावर उपदेशक येई. परदेशी मिशनरी साहेब निघून गेल्यास आता पुष्कळ वर्षे झाली, तरी आमची नजर अजून रस्त्याकडेच आहे की कोणी तरी येईल आणि पेरील.

श्रीरामपूरचे विल्यम केरी यांची एक हकिकत येथे सांगण्याजोगी आहे. हे १७९३ साली बंगाल्यात आले, आणि त्यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ साली मराठी नवा करार बाहेर पडला. म्हणून आपल्यावर त्यांचे ऋण आहे. ते मोठे बागप्रेमी होते. कलकत्त्यास १८२० साली शेती व बागाईत यांच्या सुधारणेसाठी जी संस्था स्थापन झाली तिचे ते संस्थापक होत. एकदा विलायतेहून त्यांस बियांची पिशवी आली. बी काढून घेतल्यावर पिशवीत राहिलेली माती त्यांनी सावलीच्या जागी झटकली, आणि काही दिवसांनी पाहतात तो तेथे इंग्लंडच्या कुरणात उगवणारे डेझीचे रोपटे वर आलेले! मायदेश सोडल्यापासून त्यांनी ते फूल पाहिले नव्हते. त्यांच्या आनंदास पार राहिला नाही. परंतु ते रोप तिकडे वर्षानुवर्षे जगणारे असले तरी बंगालची हवा त्याला मानवेना. तेव्हा केरी साहेबांनी त्याचे बी धरून दरसाल नवी रोपे करण्याचा क्रम ठेविला, आणि अशा रीतीने ते फूल त्यांच्या बागेत टिकले. पिशवी परदेशाहून एकदाच आली होती. पुढची सारी रोपे श्रीरामपूरच्या मातीत पिकलेल्या बियांची होती.

बी काढल्यावर ते सावलीत वाळवितात आणि कोरड्या गाडग्यात राख किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवितात. ओल लागली की बुरशी येते, बी मरते. कोरडेपणात मात्र ते आश्चर्यकारक काळ टिकते. यहूदा देशात मृत समुद्राजवळ मसादा नावाचा किल्ला आहे. तेथे उत्खननात सापडलेली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची खजुराची एक बी २००५ साली पेरिली असता उगवली. इतकी वर्षे आपल्या गोकर्णीकडून मागणे नको. दोन-तीन साल राहिले तरी आपले काम भागते. अशा उतरंडी सांभाळण्याचे काम बहुधा घरातील म्हाताऱ्या बायांकडे असते, आणि शास्त्रातही तसेच आहे : तीमथ्याच्या विश्वासाचा उगम सांगताना पौल आधी त्याची आजी लोईस हिचे नाव घेतो, मग आई युनीके हिचे (२ तीमथ्य १:५). आमच्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे ह्या शाळेत गेल्या नाहीत. पण त्यांनी वाल-घेवड्यासारख्या वेलींचे आणि इतर पिकांचे गावठी बी इतक्या निष्ठेने राखिले की २०२० साली सरकारने त्यांस पद्मश्री दिली. ज्या आजीबाई म्हणतात की आम्हांस वाचता येत नाही, आम्ही मंडळीच्या काय उपयोगी, त्यांस हे नाव उपदेशकांनी आवर्जून सांगावे. दाविदाची गोष्ट नातवाला सांगावयास अक्षरओळख लागत नाही.

आता ज्यांच्या घरी अजून अंकुर दिसत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. गोकर्णीच्या बीचे कवच कठीण असते. मृगाच्या पहिल्या सरीने सगळे बी उगवत नाही. थोडे उगवते, बाकीचे मातीत तसेच पडून राहते. पेरणारा निराश होतो. परंतु पुष्कळदा असे घडते की पहिली सर येते आणि मग पंधरा दिवस पाऊस दडी मारितो. लवकर वर आलेली रोपे उन्हाने करपतात. त्या वेळी जे बी उगवले नव्हते तेच वाचते आणि पुढच्या पावसात वर येते. देवाने ते कवच उगाच कठीण केलेले नाही. कित्येक बहिणींचे नवरे वीस वीस वर्षे मंदिराच्या ओट्यावर बसून राहतात, आत येत नाहीत. कित्येकांचे मुलगे शहरात गेले ते पत्रात प्रभूचे नाव लिहीत नाहीत. हे बी मेलेले आहे असे कोणत्याही उपदेशकाने ठरवू नये. गोकर्णीचे बी पेरण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजत ठेवितात, किंवा खरखरीत दगडावर एका बाजूने हलकेच घासतात, आणि ज्या बाजूस डोळा असतो ती बाजू जपतात. वरवंट्याने कोणी फोडीत नाही. ओट्यावर बसलेल्या मनुष्याशी प्रत्येक भेटीत वाद घालणारे आमचे काही उत्साही बंधू आहेत, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्याच्या बैलाची विचारपूस करावी, त्याच्या आजारात जावे. रात्रभर भिजत ठेवणे ते हेच.

योहानाच्या बाराव्या अध्यायात प्रभूने मातीत पडून मरणाऱ्या दाण्याविषयी जे सांगितले ते त्याने स्वतःविषयी सांगितले, हे आपण जाणता. तो देवाचा एकुलता होता. उरलेल्यांतून काढलेला नव्हता. पित्याने त्याला जगापासून राखून ठेविले नाही, आणि त्या एका दाण्यापासून आपण सारे, ओट्यावर बसलेल्यासुद्धा, आहो.

येत्या रविवारी उपासनेच्या वेळी प्रत्येक घराने आपल्या वेलीच्या पिकलेल्या शेंगा किंवा बोंडे घेऊन यावी. गोकर्णीचे व गणेशवेलीचे बी पोटात गेल्यास ढाळ होतात, तेव्हा ते लहान लेकरांच्या हाती देऊ नये. ज्या घरी वेल नाही त्या घरास शेजाऱ्याने मूठभर द्यावे. उपासना संपल्यावर वडील मंडळाने मागे थांबावे आणि आपल्या मंडळीतील कोणत्या मुलास व कोणत्या मुलीस यंदापासून चिंधी बांधावयाची हे नावानिशी ठरवून त्यांच्या आई-बापांस त्याच दिवशी जाऊन भेटावे. बियांच्या पुड्या कागदाच्या कराव्या, प्लास्टिकच्या नकोत, आत ओल धरते. पुडीवर वेलीचे नाव, गावाचे नाव आणि महिना लिहावा. ज्यांस लिहिता येत नाही त्यांची पुडी शाळेतील मुलांनी लिहून द्यावी.